एअरबस ए३२० मधील ऑटोथ्रस्ट: योग्य क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

ए३२० चे टाइप रेटिंग (ते विमान उडवण्याची पात्रता) करणारा विद्यार्थी ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा थ्रस्ट (ढकलण्याची ताकद) आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा, चालू करायला पहिल्या काही तासांतच शिकतो. ऑटोथ्रस्ट नीट काढायला, म्हणजे बंद करायला, मात्र बहुधा चाचणी तोंडावर आल्यावर शिकतो. मधल्या काळात होणाऱ्या चुका जवळजवळ ठरलेल्या असतात: थ्रस्टचे लिव्हर एका खाचेत, पडद्यावर दुसराच मोड आणि मनात तिसरीच समजूत. या तिन्ही गोष्टी प्रत्येक टप्प्यावर कशा जुळवून घ्याव्यात, हे या लेखात क्रमाने दिले आहे. मुंबईत सिम्युलेटरच्या सत्रांची तयारी करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे, म्हणून उदाहरणेही मुंबईच्या धावपट्ट्यांवरची आहेत. मुख्य विवेचन ए३२० कुटुंबातील विमानांचे आहे आणि बोइंग ७३७ मध्ये जे वेगळे आहे ते शेवटी दिले आहे. कंपनीची कार्यपद्धती किंवा निर्मात्याचे मॅन्युअल यांत वेगळे सांगितले असेल, तर तेच अंतिम मानावे.

## आधी एक प्रश्न पक्का करावा

या क्षणी वेग कोण सांभाळत आहे, विमानाचे नाक की इंजिन? ऑटोथ्रस्टचे सगळे वागणे या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

ऑटोपायलट किंवा फ्लाइट डायरेक्टर (विमान कसे न्यायचे हे पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) जेव्हा उभा मार्ग धरून ठेवतो, म्हणजे उंची, ठरावीक व्हर्टिकल स्पीड (चढण्या-उतरण्याचा दर) किंवा ग्लाइडस्लोप (धावपट्टीकडे नेणारा रेडिओचा उतरता मार्ग), तेव्हा वेगाची जबाबदारी इंजिनांकडे जाते आणि एफएमएच्या (वैमानिकासमोरच्या पडद्यावरील, चालू मोड दाखवणाऱ्या पट्टीच्या) पहिल्या रकान्यात ‘स्पीड’ किंवा ‘मॅक’ दिसते. उलट ओपन क्लाइम्ब किंवा ओपन डिसेंटमध्ये (निवडलेल्या उंचीकडे सरळ चढताना किंवा उतरताना) नाक वर-खाली करून वेग राखला जातो, आणि इंजिने एका ठरावीक थ्रस्टवर स्थिर राहतात. त्या वेळी पहिल्या रकान्यात ‘थ्रस्ट क्लाइम्ब’ किंवा ‘थ्रस्ट आयडल’ असते. ‘थ्रस्ट आयडल’ दिसत असताना वेग घसरला तरी ऑटोथ्रस्ट तो सावरण्यासाठी स्वतःहून इंजिने वाढवणार नाही, कारण त्या मोडमध्ये ते त्याचे कामच नाही. हे वाक्य पाठ करून भागत नाही. मोड बदलला की दर वेळी पहिला रकाना मोठ्याने वाचण्याची सवय लागली, तरच ते अंगवळणी पडते.

दुसरी गोष्ट लिव्हरची. एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट काम करत असताना लिव्हर हलत नाहीत. ते एका खाचेत स्थिर असतात आणि त्यांची जागा ही ऑटोथ्रस्टला दिलेली कमाल मर्यादा असते. दोन्ही इंजिने चालू असताना ही जागा क्लाइम्बची खाच, आणि एक इंजिन बंद पडल्यावर एमसीटीची (सतत वापरता येणाऱ्या कमाल थ्रस्टची) खाच. लिव्हर क्लाइम्बच्या मागे राहिले तर तेवढ्यापुरताच थ्रस्ट मिळतो, आणि लिव्हर पुढे नेण्याची सूचना वारंवार येत राहते. लिव्हर जागचे हलत नसल्यामुळे इंजिने काय करत आहेत हे हाताला कळत नाही, म्हणून ते काम डोळ्यांनीच करावे लागते. नजर एफएमए, वेगाच्या पट्टीवरचा ट्रेंडचा बाण आणि एन१ (इंजिनाच्या पंख्याच्या फिरण्याचा टक्क्यांतला वेग) या तिन्हींवर फिरती ठेवावी.

## टप्पा १: दार बंद होण्यापूर्वीची तयारी

उड्डाणात कोणता थ्रस्ट वापरायचा हे कॉकपिटमध्ये बसल्यावर नव्हे, तर कामगिरीचे गणित करतानाच ठरते. फ्लेक्स तापमान, म्हणजे उड्डाणाचा थ्रस्ट कमी करण्यासाठी संगणकाला दिलेले मानीव तापमान, हे बाहेरच्या तापमानापेक्षा जास्त असावे लागते, आणि फ्लेक्समुळे थ्रस्टमध्ये होणारी कपात २५ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. मे महिन्यात मुंबईचे तापमान दुपारी ३४ अंशांच्या घरात असते, त्यामुळे सकाळच्या उड्डाणासाठी काढलेले आकडे दुपारच्या उड्डाणाला तसेच वापरणे हा निष्काळजीपणा ठरतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहावी. धावपट्टीवर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचले असेल तर ती नुसती ओली राहत नाही, ती दूषित मानली जाते आणि तिथे फ्लेक्स वापरता येत नाही. विंडशिअरची (वाऱ्याच्या वेगात किंवा दिशेत अचानक होणाऱ्या बदलाची) शक्यता असेल तेव्हाही पूर्ण टोगा, म्हणजे कमाल, थ्रस्टच निवडावा. जुलैमध्ये काळा ढग विमानतळाकडे सरकताना दिसत असताना इंजिनांची झीज वाचवण्याच्या विचाराला जागा नाही.

तपासणी: परफॉर्मन्सच्या पानावर फ्लेक्स तापमान, थ्रस्ट कमी करण्याची उंची आणि वेग वाढवण्याची उंची हे तीन आकडे दोघांनीही स्वतंत्रपणे वाचावेत. मुंबईचा विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीवर असल्याने जमिनीपासूनची १,५०० फूट उंची पानावरही १,५०० च्या आसपासच दिसते. उंचावरच्या विमानतळावर मात्र हा आकडा बराच मोठा दिसतो, आणि मुंबईच्या सवयीने त्याकडे पाहिले की गोंधळ होतो.

## टप्पा २: धावपट्टीवर थ्रस्ट लावणे

१. ब्रेक सोडून लिव्हर एन१ सुमारे ५० टक्के होईपर्यंत पुढे न्यावेत आणि दोन्ही इंजिने समान वाढली आहेत याची खात्री करावी. एक इंजिन रेंगाळत असताना लिव्हर पुढे ढकलले, तर विमान धावपट्टीच्या कडेकडे वळू लागते.

२. इंजिने स्थिर झाल्यावर लिव्हर फ्लेक्सच्या किंवा टोगाच्या खाचेत न्यावेत. खाचेचा ‘टक्’ हाताला जाणवला पाहिजे. आडवा वारा २० नॉटपेक्षा जास्त असेल किंवा मागून वारा असेल तर साइडस्टिक पूर्ण पुढे धरावी, ५० वरून ७० टक्क्यांपर्यंत लवकर जावे आणि तिथून पुढे जमिनीवरचा वेग ४० नॉट होईपर्यंत थ्रस्ट टप्प्याटप्प्याने पूर्ण करावा.

३. एफएमए वाचावा. पहिल्या रकान्यात ‘मॅन फ्लेक्स’ आणि तापमान, किंवा ‘मॅन टोगा’, त्यानंतर ‘एसआरएस’ (उड्डाणात नाकाने वेग राखणारा मोड), आणि शेवटच्या रकान्यात निळ्या अक्षरांत ऑटोथ्रस्ट. निळा म्हणजे सज्ज, पांढरा म्हणजे काम करत असलेला.

या क्षणी ऑटोथ्रस्ट केवळ सज्ज असतो. थ्रस्ट अजून पूर्णपणे वैमानिकाच्या हातात असतो. कित्येक विद्यार्थी इथेच ऑटोथ्रस्ट चालू झाल्याचे गृहीत धरतात आणि लिव्हरवरून लक्ष काढतात.

इशारा: फ्लेक्स तापमान नोंदवायचे राहून गेले असताना लिव्हर फ्लेक्सच्या खाचेत नेले, तर लिव्हर योग्य जागी नसल्याची सूचना येते. तेव्हा पडद्यावर काय चुकले याचा शोध घेत बसू नये. लिव्हर टोगात न्यावेत.

## टप्पा ३: क्लाइम्बची खाच

थ्रस्ट कमी करण्याच्या उंचीवर पहिल्या रकान्यात ‘लिव्हर क्लाइम्ब’ लुकलुकू लागते. दोन्ही लिव्हर एकत्र क्लाइम्बच्या खाचेत आणले की शेवटच्या रकान्यातले ऑटोथ्रस्टचे अक्षर निळ्याचे पांढरे होते, आणि ऑटोथ्रस्टचे खरे काम इथून सुरू होते.

इथली नेहमीची चूक लिव्हर घाईने मागे ओढण्याची आहे. हात जोरात मागे आला की लिव्हर क्लाइम्बच्या खाचेला ओलांडून मागच्या मोकळ्या पट्ट्यात जातात आणि इंजिने क्लाइम्बपेक्षाही खाली येतात. उड्डाणानंतर लगेचच्या चढणीत हे होणे धोक्याचे आहे. मनगट स्थिर ठेवून, बोटांनी, एकच खाच मागे, एवढीच हालचाल असावी. लुकलुकणे थांबले आणि ‘थ्रस्ट क्लाइम्ब’ स्थिर दिसले की ते वाचावे, आणि मगच हात काढावा.

## टप्पा ४: चढण आणि उंचीवरचा प्रवास

खालच्या उंचीवर इंजिनांकडे राखीव थ्रस्ट भरपूर असल्यामुळे व्हर्टिकल स्पीडचा मोड खपून जातो, पण ३० हजार फुटांच्या वर तो फसवा होतो. या मोडमध्ये ऑटोपायलट आधी दिलेला चढणीचा दर राखतो, आणि इंजिने पूर्ण क्लाइम्ब थ्रस्टवर पोहोचूनही तो दर जमत नसेल तर वेग खर्ची पडतो. म्हणून वर जाताना ओपन क्लाइम्ब किंवा क्लाइम्ब हाच नेहमीचा मोड ठेवावा आणि व्हर्टिकल स्पीड वापरायचाच असेल तर दर माफक ठेवून नजर वेगाच्या पट्टीवर ठेवावी.

सरळ प्रवासात ऑटोथ्रस्टकडे फारसे करण्यासारखे काही नसते. जोरदार टर्ब्युलन्समध्ये थ्रस्ट सारखा वर-खाली होऊ लागला तर ऑटोथ्रस्ट काढून तक्त्यातील थ्रस्ट हाताने लावावा, आणि हवा शांत झाल्यावर तो पुन्हा चालू करावा.

## टप्पा ५: उतरण आणि ‘थ्रस्ट आयडल’चा सापळा

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बेंगळुरूला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले आणि विमानातील १४६ पैकी ९२ जणांचा मृत्यू झाला. शेवटच्या अप्रोचमध्ये (धावपट्टीकडे उतरत येण्याच्या टप्प्यात) विमान ओपन डिसेंटमध्ये होते, इंजिने आयडलवर होती आणि वेग घसरत असताना पहिल्या रकान्याकडे वेळेवर लक्ष गेले नाही. जेट इंजिन आयडलवरून पूर्ण थ्रस्टपर्यंत यायला काही सेकंद घेते, आणि जमिनीच्या एवढे जवळ तेवढे सेकंद शिल्लक नसतात.

यातून निघणारा नियम निरपवाद पाळावा: अंतिम अप्रोचमध्ये ओपन डिसेंट वापरू नये. विमान ग्लाइडस्लोपच्या वर राहिले म्हणून ओपन डिसेंट लावण्याचा मोह होतो, कारण तो झटकन खाली आणतो. पण त्या मोडमध्ये नाक वेग राखते आणि विमान एफसीयूवर (वेग, उंची वगैरे निवडण्याच्या पॅनेलवर) ठेवलेल्या उंचीकडे निघते. ती उंची चुकून अप्रोचच्या खालची लावलेली असेल तर मध्ये अडवणारे काही नाही.

तपासणी: ग्लाइडस्लोप धरला गेल्यावर पहिला रकाना ‘स्पीड’ दाखवत आहे का? तिथे ‘थ्रस्ट आयडल’ असेल तर काहीतरी जुळलेले नाही, आणि ते हजार फुटांच्या वरच सोडवले पाहिजे.

## टप्पा ६: अंतिम अप्रोच, जुलैमधली २७ क्रमांकाची धावपट्टी

मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक चालत नाही आणि येणारी विमाने एकामागोमाग जवळजवळ लावलेली असतात. त्यासाठी नियंत्रक ठरावीक अंतरापर्यंत ठरावीक वेग राखायला सांगतात. ऑटोथ्रस्टच्या बहुतेक चुका याच सूचनेपासून सुरू होतात.

नियंत्रक १६० नॉट सांगतात. वैमानिक एफसीयूवरची वेगाची कळ ओढतो आणि १६० लावतो. कळ ओढली की वेग वैमानिकाने निवडलेला असतो. दाबली की तो विमानाचा संगणक ठरवतो. ठाणे खाडी मागे पडते, फ्लॅप पूर्ण लागतात, घाटकोपरच्या इमारती खाली काही शे फुटांवर येतात, तपासणीची यादी वाचून होते, आणि कळ दाबायची राहून जाते. लक्ष्य १६० वरच असते. ते लक्षात आल्यावर घाईत विद्यार्थी कळ दाबण्याऐवजी फिरवून १३५ लावतो. आता वेग बरोबर दिसतो, पण वाऱ्याच्या झोतांवर वेग आपोआप वाढवून जमिनीवरच्या वेगाची किमान पातळी राखणारी सोय फक्त संगणकाने ठरवलेल्या वेगात चालते. निवडलेल्या वेगात ती नसते. म्हणजे पावसाळी झोतांत जी मदत सर्वांत जास्त हवी, तीच वैमानिकाने स्वतःच्या हाताने बंद केलेली असते.

हे टाळण्यासाठी नियंत्रकांनी सांगितलेले अंतर आले की ‘वेग संगणकाकडे’ हे काम दोघांपैकी कोणी करायचे ते अप्रोचच्या ब्रीफिंगमध्येच ठरवून ठेवावे. खात्रीची खूण रंगाची आहे: वेगाच्या पट्टीवरचे लक्ष्य निळे असेल तर वेग निवडलेला आहे, किरमिजी असेल तर संगणकाचा.

अप्रोचचा वेगही आधीच बघून ठेवावा. तो व्हीएलएसपेक्षा (निवडता येणाऱ्या सर्वांत कमी वेगापेक्षा) किमान ५ नॉट जास्त, किंवा समोरच्या वाऱ्याच्या एक तृतीयांशाइतका जास्त असतो, आणि ही वाढ १५ नॉटच्या पुढे नेत नाहीत. वारा बदलल्याची माहिती मिळाली की अप्रोचच्या पानावरचा वारा बदलावा. संगणकाला जुनाच वारा ठाऊक असेल तर तो जुनाच वेग देईल.

इशारा: शंभर फुटांच्या खाली वेग कमी वाटला म्हणून लिव्हर क्लाइम्बच्या पुढे ढकलले तर ऑटोथ्रस्ट सुटतो. मग सवयीने ते पुन्हा क्लाइम्बच्या खाचेत आणले की ऑटोथ्रस्ट परत येत नाही. इंजिने पूर्ण क्लाइम्ब थ्रस्ट देतात आणि विमान धावपट्टीच्या उंबरठ्यावर वेग घेऊ लागते. शंभर फुटांखाली थ्रस्ट वाढवावाच लागला, तर तिथून पुढे तो हातानेच सांभाळावा किंवा गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) करावा.

## टप्पा ७: ऑटोथ्रस्ट काढणे

विद्यार्थी सर्वांत जास्त वेळा इथेच चुकतात, म्हणून क्रम सुटा लिहिला आहे.

१. ऑटोथ्रस्ट काढायचा आहे हे आधी सहकाऱ्याला सांगावे.

२. लिव्हर हळूहळू मागे आणावेत. एन१ च्या डायलवर लिव्हरची जागा दाखवणारे छोटे वर्तुळ सरकते. ते सध्याच्या एन१ च्या काट्यावर येईपर्यंत लिव्हर आणावेत. या वेळी विमानाच्या वागण्यात काहीही बदल होऊ नये. लिव्हर मागे आणताना एन१ खाली येऊ लागला तर वर्तुळ काट्याच्या खाली गेले आहे.

३. लिव्हरवरचे लाल बटण एकदाच दाबावे आणि सोडावे. दाबून धरू नये: ते १५ सेकंद दाबून धरले तर त्या उड्डाणापुरता ऑटोथ्रस्ट आणि अल्फा फ्लोअरचे (वेग धोकादायक घसरल्यास इंजिने आपोआप टोगावर नेणारे) संरक्षण दोन्ही गमावले जातात.

४. पहिला रकाना मोकळा झाला आणि शेवटच्या रकान्यातले ऑटोथ्रस्टचे अक्षर गेले याची खात्री करून ते मोठ्याने सांगावे.

दुसरी पायरी गाळून लिव्हर क्लाइम्बच्या खाचेत असतानाच बटण दाबले, तर इंजिने लिव्हरच्या जागेप्रमाणे क्लाइम्ब थ्रस्टवर जातात. अप्रोचमध्ये याचा अर्थ नाक वर, वेग वर आणि अप्रोच विस्कटलेला.

एफसीयूवरचे ऑटोथ्रस्टचे बटण हा काढण्याचा मार्ग नव्हे. ते दाबले तर थ्रस्ट आहे तिथेच गोठतो, ‘थ्रस्ट लॉक’ लुकलुकते आणि लिव्हर हलवण्याची सूचना येत राहते. तिथून बाहेर पडण्यासाठी लिव्हर खाचेतून हलवावेत आणि थ्रस्ट हाताने घ्यावा.

अल्फा फ्लोअर लागून इंजिने टोगावर गेली आणि धोका टळल्यावर ‘टोगा लॉक’ दिसू लागले, तर ते आपोआप सुटत नाही. लाल बटणाने ऑटोथ्रस्ट काढून थ्रस्ट ताब्यात घ्यावा आणि स्थिती सावरल्यावर पुन्हा चालू करावा. टोगा लॉक विसरले गेले तर सुरक्षित विमान पुन्हा वेगमर्यादा ओलांडण्याच्या दिशेने जाऊ लागते.

## टप्पा ८: ‘रिटार्ड’

हाताने उतरताना २० फुटांवर ‘रिटार्ड’ (लिव्हर मागे घ्या) हा आवाज येतो. तो सूचनेपेक्षा आठवण अधिक आहे. परिस्थितीनुसार लिव्हर थोडे आधी किंवा थोडे नंतर मागे आणता येतात. ते आणले नाहीत तर ऑटोथ्रस्ट फ्लेअरमध्येही (टेकण्याआधी नाक उचलतानाही) वेग टिकवण्यासाठी थ्रस्ट घालत राहतो आणि विमान धावपट्टीवरून तरंगत पुढे जाते. २७ ची धावपट्टी सुमारे ३,४०० मीटर आहे. १४ किंवा ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवर, जिथे लांबी सुमारे २,९०० मीटर आहे, ओल्या पृष्ठभागावर वाया गेलेले अंतर अधिक बोचते.

दोन्ही लिव्हर आयडलला आले की ऑटोथ्रस्ट सुटतो. ‘दोन्ही’ हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा. १७ जुलै २००७ रोजी साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर टाम कंपनीच्या ए३२० चा एक लिव्हर क्लाइम्बच्या खाचेतच राहिला. ते इंजिन थ्रस्ट देत राहिले, ग्राउंड स्पॉयलर (पंखांवरच्या, उचल घालवणाऱ्या फळ्या) उघडले नाहीत आणि १९९ जणांचा जीव गेला.

तपासणी: चाके टेकताच तळहात दोन्ही लिव्हरवर, दोन्ही आयडलच्या खाचेत, दोन्ही रिव्हर्सकडे (इंजिनांचा झोत पुढे वळवून वेग कमी करण्याच्या स्थितीकडे). एक रिव्हर्सर बंद ठेवलेला असला तरी दोन्ही लिव्हर एकत्रच हलवावेत.

## टप्पा ९: गो-अराउंड

लिव्हर थेट टोगाच्या खाचेत न्यावेत. बराच थ्रस्ट आला असे वाटून ते मध्येच थांबवले तर थ्रस्ट वाढतो पण गो-अराउंडचा मोड लागत नाही, आणि फ्लाइट डायरेक्टर अजून धावपट्टीकडेच बोट दाखवत राहतो. पूर्ण थ्रस्टची गरज नसली तरी एकदा टोगापर्यंत जाऊन मगच लिव्हर मागे आणावेत. मग ‘मॅन टोगा’ आणि ‘एसआरएस’ वाचावे, फ्लॅप एक पायरी कमी करावेत, चढणीची खात्री झाल्यावर चाके वर घ्यावीत, आणि ‘लिव्हर क्लाइम्ब’ लुकलुकल्यावर पुन्हा टप्पा ३ प्रमाणे करावे. विमान हलके असेल तर चढण फार वेगाने होते आणि मंजूर उंची लवकर समोर येते, म्हणून इथे क्लाइम्बच्या खाचेला उशीर करू नये.

## बोइंग ७३७ वर जाणाऱ्यांसाठी

७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल लिव्हर प्रत्यक्ष हलवतो, म्हणून हात त्यांवर हलका ठेवल्यास मोडमधला बदल हाताला जाणवतो. उड्डाणाच्या वेळी ८४ नॉटला ‘थ्रॉटल होल्ड’ लागतो आणि ऑटोथ्रॉटल लिव्हरवरचा ताबा सोडतो. ‘आर्म’ दिसत असताना तो लिव्हर हलवत नाही. तो वेग सांभाळत आहे असे त्या वेळी समजू नये. हाताने उडवताना एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट चालू ठेवता येतो, ७३७ मध्ये मात्र ऑटोपायलट काढल्यावर ऑटोथ्रॉटलही काढण्याची शिफारस आहे, आणि एअरबसवरून आलेल्यांना ही सवय बदलायला वेळ लागतो.

दोन तपासण्या कधीही सोडू नयेत. पहिली: दोन्ही लिव्हर समान हलत आहेत का? ९ जानेवारी २०२१ रोजी जकार्ताजवळ श्रीविजया एअरच्या ७३७ मध्ये एक लिव्हर मागे येत राहिला आणि दुसरा जागेवरच राहिला. विमानातील ६२ जणांपैकी कोणी वाचले नाही. दुसरी: अप्रोचमध्ये जमिनीपासून खूप वर असतानाच ‘रिटार्ड’ दिसत आहे का? २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमला उतरणाऱ्या तुर्किश एअरलाइन्सच्या ७३७ च्या डाव्या रेडिओ अल्टिमीटरने (जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणाने) उणे ८ फूट उंची दाखवली आणि ऑटोथ्रॉटलने विमान टेकत असल्याच्या समजुतीने लिव्हर मागे घेतले. असे दिसल्यास लिव्हर हाताने पुढे ढकलावेत, ऑटोथ्रॉटल काढावा, वेग सावरावा, आणि तो अप्रोच तिथेच सोडून गो-अराउंड करावा.